पंडिता रमाबाई : संकटातही न ढळलेली निवड

धर्मांतर केलेल्या माणसाला आपल्या देशात एक प्रश्न जन्मभर विचारला जातो. तुला काय मिळाले? पैसा मिळाला, नोकरी मिळाली, की कोणी फूस लावली? जन्माने मिळालेल्या धर्मात आयुष्य काढणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याने आपल्या धर्माचा एकही ग्रंथ उघडून पाहिलेला नसला तरी त्याची श्रद्धा अस्सल ठरते. आणि ज्याने वाचले, तपासले, पारखले आणि मगच पाऊल टाकले, त्याची श्रद्धा मात्र संशयाच्या पिंजऱ्यात उभी केली जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांसोबत लाखो बांधवांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, तेव्हापासून आपणही हा प्रश्न ऐकत आलो आहोत. आम्ही पनवेल परिसरात वकिली करतो. शाळेच्या दाखल्यावरील धर्माची नोंद किंवा जातीचे प्रमाणपत्र अशी कामे घेऊन बौद्ध बांधव येतात, तसे ख्रिस्ती बांधवही येतात. टेबलापलीकडच्या माणसाचा सूर दोघांशीही सारखाच असतो.

म्हणून आज आम्ही एका स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहोत. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी प्रतिष्ठा गमावली, सहकारी गमावले, संस्थेतील मुली गमावल्या. तरीही तिने आपली निवड सोडली नाही. तिचे नाव पंडिता रमाबाई. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. पाठ्यपुस्तकातून त्या समाजसुधारक म्हणून दोन ओळींत भेटतात आणि त्यांचे धर्मांतर एक तर गिळून टाकले जाते, नाही तर डाग म्हणून सांगितले जाते. खरे पाहता त्या धर्मांतरावाचून रमाबाईंच्या आयुष्याचा अर्थच लागत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईला संस्कृत शिकवले, म्हणून उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. स्त्रीला अक्षर शिकवणे हाच ज्या व्यवस्थेत गुन्हा, तेथे आईने मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत देशभर पायी फिरले आणि रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

मग दुष्काळ आला. १८७० च्या दशकात मद्रास इलाखा अन्नावाचून तडफडत होता. डोंगरे कुटुंबाजवळ जे होते ते देवपूजेत, दानात आणि ब्राह्मणभोजनात गेले; देव प्रसन्न होईल अशी आशा होती. मजुरी करायची नाही, भीक मागायची नाही, हा जातीचा अभिमान उपाशीपोटीही सुटला नाही. जंगलातला पाला खाण्याची वेळ आली. आधी वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना म्हणून रमाबाईंनी स्वतः भार उचलला. उंची कमी पडली म्हणून तो डोक्यावर घेतला. ज्या देवाची जन्मभर पोथी वाचली तो देव एका घासालाही आला नाही, हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा धडा होता.

त्याच दशकात, १८७६-७७ च्या दुष्काळाने महाराष्ट्रही होरपळला. आपल्या पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके तो हाहाकार पाहून पेटून उठले आणि १८७९ साली रामोशी बांधवांना सोबत घेऊन त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड पुकारले. फडक्यांनी दुष्काळाचा जाब सरकारला विचारला. रमाबाईंनी तो पुढे धर्मग्रंथांना विचारला. त्या काळात हे बंड फडक्यांच्या बंडाहून सोपे नव्हते.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पदवी देणाऱ्यांना वाटले, ही आता शास्त्राचा गौरव गाईल. स्त्रियांना त्यांचा धर्म सांगावा म्हणून त्यांना धर्मशास्त्रे वाचायला लावण्यात आली. रमाबाईंनी ती खरोखर वाचली! आणि त्यांच्या ध्यानात आले की एरवी प्रत्येक गोष्टीवर भांडणारी ही शास्त्रे दोन बाबतींत एकमुखी आहेत. स्त्री कोणत्याही जातीची असो, ती नीचच. आणि स्त्रीला व शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्षाचा अधिकार नाही. महात्मा फुले पुण्यात जे ओरडून सांगत होते ते या ब्राह्मण मुलीने मूळ संस्कृतातून वाचून पडताळले. त्यांची जुनी श्रद्धा तेथेच निखळून पडली. तेव्हा त्यांच्यापुढे ना कोणी मिशनरी होता, ना डॉलरची थैली.

१८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीचे होते. ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष, म्हणजे मनुस्मृतीच्या लेखी घोर प्रतिलोम! विवाह झाला तो १८७२ च्या नागरी विवाह कायद्याखाली. आम्हा कायद्याच्या माणसांना या कायद्याची एक गंमत ठाऊक आहे. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांपैकी कोणताही धर्म पाळत नाही असे वधूवरांनी लिहून दिल्याशिवाय त्याखाली लग्न लागत नसे. जात मोडून लग्न करायचे तर आधी धर्माबाहेर उभे राहा, असा तो मामला होता. जात मोडून लग्न करणाऱ्या हिंदूंसाठी ही अट १९२३ च्या दुरुस्तीने सुटली; सर्वांसाठी ती पूर्णपणे सुटायला मात्र १९५४ चा विशेष विवाह कायदा यावा लागला.

आसामातील सिल्चर येथे त्यांच्या हाती बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान पडले. त्या ते आवडीने वाचू लागल्या, एका मिशनऱ्याकडून समजून घेऊ लागल्या. पतीला हे रुचले नाही. पण दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा बळी घेतला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी मनोरमा, आणि माहेर-सासर काही नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. याच आयोगापुढे १८८२ साली महात्मा फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली होती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुणेकर सुधारकांनी तोवर रमाबाईंना डोक्यावर घेतले होते. संस्कृत बोलणारी ब्राह्मण विदुषी त्यांना शोभेची वाटत होती.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न मोडले. त्यातच सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली. परका देश, परकी भाषा आणि सोबतीणीचे प्रेत. अशा वेळी माणूस परत फिरतो. रमाबाई फिरल्या नाहीत. त्या भगिनींनी फुलहॅम येथे चालवलेले, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांचे घर त्यांनी पाहिले होते. अशा स्त्रियांना शिक्षा न देता, हिणवल्याशिवाय उभे केले जाते हे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांनी तेथे ऐकली. हलकी मानलेली जात आणि बदनाम स्त्री यांच्याशी पाण्याच्या विहिरीवर बोलणारा गुरू! चवदार तळ्याच्या वारसांना या कथेचे मर्म उलगडून सांगायची गरज नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात आगडोंब उसळला. कालची सरस्वती आज धर्मबुडवी झाली. त्या वेळी त्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते महात्मा जोतीराव फुले. १८८५ साली काढलेल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. शास्त्रे स्वतः वाचून ज्या स्त्रीला त्यातला अन्याय उमगला, तिने तो धर्म का सोडू नये, असा जोतीरावांचा रोख होता. बहुजन चळवळीने रमाबाईंना आपले मानले त्याची ही नोंद इतिहासात पक्की आहे. ती विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

परंतु वाचक बांधवांनो, खरी कसोटी पुढे होती. रमाबाईंचा दुसरा झगडा ज्या धर्मात त्या गेल्या त्या धर्माच्या मठाशी आणि बिशपांशी झाला. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना, तर त्यांनी तसे तोंडावर सांगितले. भगिनींनी गळ्यात घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आम्हा हिंदी लोकांना न कळणारी लॅटिन का, संस्कृत का नाही, असे त्यांनी विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे हे हिंदुस्थानातील बिशपांना पसंत पडले नाही, तेव्हा आपल्या निर्णयात दुसऱ्याने हात घालू नये असे त्यांनी स्पष्ट कळवले. ज्यांच्या छपराखाली राहायचे त्यांच्याशीच हा वाद होता. उपकारकर्त्या भगिनींनी त्यांना गर्विष्ठ ठरवले. पुण्याचे सनातनी म्हणत होते की ही इंग्रजांच्या हातची बाहुली झाली. आणि इंग्रज भगिनी म्हणत होत्या की ही आमचे ऐकत नाही! दोन्ही बाजूंना तिचे स्वतःचे मन दिसत नव्हते.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला त्या अमेरिकेत गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर इंग्रजीतून लिहिलेल्या त्यांच्या १८८७ च्या पुस्तकाने अमेरिका हलली आणि बोस्टनमध्ये त्यांच्या कार्याला दहा वर्षे मदत करणारी सभा उभी राहिली. त्या पैशांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील अशी अट होती आणि सल्लागार मंडळात न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक होते. ब्राह्मण मुलींचे सोवळे-ओवळेही तेथे सांभाळले जाई.

पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून वादळ उठले. टिळकांच्या 'केसरी'ने सदनावर झोड उठवली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी आपले अंग काढून घेतले. सुमारे २५ मुलींना पालकांनी घरी नेले. कुठल्या घरी? जेथे त्यांचे केशवपन होणार होते, जेथे त्यांना एक वेळ जेवून माजघरात कुजायचे होते त्या घरी! रमाबाईंना वाचण्याचा मार्ग सोपा होता. दार लावून घ्यायचे, श्रद्धा खोलीत कोंडायची, की मंडळही राहिले असते आणि मुलीही. त्यांनी दार उघडेच ठेवले. आम्ही कोणाला ख्रिस्ती व्हा म्हणून सांगत नाही, पण आम्ही जे आहोत ते लपवणारही नाही, ही त्यांची भूमिका होती. आज घरातील बुद्धमूर्ती पाहुण्यांपासून लपवणाऱ्या, आडनाव बदलून सोसायटीत घर घेणाऱ्या आपल्यातील काही सुशिक्षितांनी हे उघडे दार जरूर आठवावे.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आई-बापांचे उपासमारीचे मरण पाहिलेल्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग शिरला. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आपल्या सावित्रीमाईंनी देह ठेवला, तो हाच काळ. रमाबाईंनी मुलींना घेऊन दौंडजवळच्या केडगावची वाट धरली. तेथे घेतलेल्या जमिनीवर तंबूंमध्ये आणि झोपड्यांमध्ये मुक्काम पडला. त्याच वर्षी पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी विटंबना चालली होती तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. प्रकरण थेट ब्रिटिश संसदेपर्यंत गेले आणि मुंबईच्या गव्हर्नरने त्यांना खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या ख्रिस्ती सरकारच्या भाट झाल्या, असा आरोप करणाऱ्यांनी हे पत्र वाचावे.

केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील स्त्रिया आणि मुलांची संख्या २००० च्या घरात गेली. येथे सोवळ्याची चूल नव्हती. दुष्काळाने जातीची चाळणी लावली नव्हती, म्हणून रमाबाईंनीही लावली नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींना ब्रेलमधून शिकवले जाई. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना असे सगळे बायका चालवत. शारदा सदनात जे जमले नाही ते केडगावच्या माळावर जमले. संकटाने त्यांची श्रद्धा आकसली नाही. उलट तिची कक्षा ब्राह्मण विधवेपासून भुकेल्या प्रत्येक बाईपर्यंत वाढली.

शेवटची कित्येक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची पंडिता म्हणून गाजलेल्या या बाईने भाषांतरातून बोजड संस्कृत शब्द वेचून काढले, कारण ते पुस्तक खेड्यातल्या बाईला वाचता यायला हवे होते. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते त्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापले. काम सुरू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. चाळिशीची एकुलती एक लेक, संस्थेची उद्याची धनीण. रमाबाईंनी हातातले काम टाकले नाही. भाषांतराची अखेरची तपासणी उरकली आणि काही महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या गेल्या.

रमाबाईंची मूर्तिपूजा आम्हाला करायची नाही. त्यांचे गाजलेले पुस्तक उच्चवर्णीय स्त्रीपुरते आहे. महार-मांगांच्या घरातील बाईचे दुःख त्यात शोधूनही सापडत नाही. जातिनिर्मूलनाची चळवळ त्यांनी उभारली नाही. ईश्वरावर आणि प्रार्थनेवर त्यांचा जो विश्वास होता तो आम्हा बुद्धाच्या अनुयायांना मान्य होणारा नाही. त्या एकट्याने गेल्या. बाबासाहेब समाजाला घेऊन गेले. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी सगळे धर्म तपासले आणि एकवीस वर्षांनी बुद्धाचा मार्ग निवडला. हा फरक मोठा आहे. पण दोघांच्या पावलांत एक गोष्ट समान आहे. दोघांनी आधी वाचले, मग सोडले, मग निवडले. आणि निवडीची किंमत स्वतः मोजली.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडणार नाही असा कायदा इंग्रजांनी १८५० सालीच केला होता. स्वतंत्र भारतात मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. शिखांना तो १९५६ साली मिळाला. आपल्याला, म्हणजे बौद्धांना, तो १९९० पर्यंत थांबून, लढून मिळवावा लागला. ख्रिस्ती झालेला दलित आजवर त्याबाहेरच आहे. चर्चमध्ये वेगळे बाक आणि वेगळी कबरस्ताने भोगलेल्या त्या माणसाला कायदा सांगतो की तू ख्रिस्ती झालास, आता तुला जात नाही! सवलती जाणार हे ठाऊक असूनही जो आपला धर्म कागदावर लपवत नाही, त्याला आमिषाने बाटलेला म्हणणे हा कोणत्या तर्कशास्त्राचा नियम आहे? आमिष तर उलट्या बाजूला आहे.

आणि पनवेलकरांना तर दूर जायचेच कारण नाही. आपल्या तालुक्यातील तळोजा कारागृहात ऑक्टोबर २०२० पासून फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघी धर्मगुरू कैदेत होते. वय ८३, कंपवाताने हात थरथरणारे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. खटला सुरू झाला नव्हता, गुन्हा सिद्ध झाला नव्हता. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. आदिवासींच्या जमिनीच्या हक्कासाठी त्यांनी झारखंडमध्ये आयुष्य वेचले होते. त्यांनाही आपली श्रद्धा चर्चच्या भिंतीआड ठेवून सुखाने म्हातारपण काढता आले असते.

संकटात श्रद्धा टिकते कशी, याचे उत्तर रमाबाईंच्या आयुष्यात मिळते. उसनी घेतलेली श्रद्धा पहिल्या उपासातच गळून पडते. डोंगरे कुटुंबाची वडिलोपार्जित श्रद्धा तशी गळून पडली. स्वतःच्या बुद्धीने घेतलेली श्रद्धा प्रश्न विचारूनही टिकते, बिशपाला नकार देऊनही टिकते, सल्लागार मंडळ गेले तरी टिकते. म्हणून धर्मांतरिताला काय मिळाले हे विचारणे बंद झाले पाहिजे. निर्णय कोणाचा होता, एवढेच विचारावे. आणि तो त्याचा स्वतःचा असेल तर संविधानाचे २५ वे कलम त्याच्या पाठीशी आहे. सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य हे त्या कलमातील पहिले स्वातंत्र्य आहे. ते ख्रिस्ती शेजाऱ्याचे हिरावले जात असताना आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्या विहाराच्या दारातही हाच प्रश्न घेऊन माणसे उभी राहतील. आपल्या वस्तीत, आपल्या तालुक्यात कोणा ख्रिस्ती कुटुंबाला असा जाब विचारला जात असेल, तर तेथे पहिला माणूस म्हणून आंबेडकरी कार्यकर्ता उभा राहिला पाहिजे. १८८५ साली जोतीराव असेच उभे राहिले होते.

जय भीम!